मौन आणि मर्यादा

न बोलणें हा गुण कीं दोष, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. आणि त्याचें उत्तर बहुधा मौनाच्या बाजूनेंच देण्यांत आलेलें आहे. कमी बोलणारा मनुष्य विचारी समजला जातो, आणि कांहीं विषयांवर मुळींच न बोलणारें घर सुसंस्कृत समजलें जातें. अशा विषयांत स्त्रीपुरुषसंबंधाचा विषय पहिला. वाचकांपैकीं बहुतेकांचें बालपण आमच्याप्रमाणेंच अशा घरांत गेलें असेल, कीं जेथें मनुष्यास देह आहे हें सर्वांस ठाऊक होतें, पण त्याचा उच्चार कोणी करीत नव्हतें. आणि तरीहि आम्ही बिघडलों नाहीं, असा आमचा सर्वांचा दावा असतो. मग जें आम्हांस न सांगतां समजलें, तें पुढच्या पिढीस मुद्दाम सांगण्याचें प्रयोजन काय, असें सभ्य गृहस्थ विचारतात. आम्हीहि तें अनेक वर्षें विचारीत आलों. या विचारण्यांत एक मोठी चूक दडलेली आहे, हें आमच्या ध्यानांत आलें तें ग्रंथ वाचून नव्हे, तर पनवेलजवळच्या कोन या गांवीं, आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरीं.

कोन हें गांव मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या तोंडाशीं आहे. त्याच्या भोंवतीं आतां उंच इमारतींचें रान माजलें आहे. त्यांतच कांहीं इमारती भाड्यानें देण्यासाठीं म्हणून बांधलेल्या आणि पुढें मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वाट्यास आलेल्या आहेत. १६० चौरस फुटांचे दोन गाळे जोडून ३२० चौरस फुटांचें एक घर केलेलें. या घरांची सोडत २०१६ सालीं निघाली. ताबा मिळण्यास मात्र पुढें कैक वर्षें लागलीं. आमच्या विद्यार्थिनीचे सासरे गिरणींत होते. त्यांस असें एक घर मिळालें. घरांत सासरे, सासू, पतिपत्नी आणि चौदा वर्षांचा मुलगा. मुलगा स्वमग्न आहे. तीनचार शब्दांचीं वाक्यें बोलतो, कुकरची शिटी झाली कीं कानांवर हात घेतो, आणि घरांतील प्रत्येक वस्तु जेथल्या तेथें असली म्हणजे प्रसन्न असतो.

आम्ही गेलों तेव्हां घरांत कांहीं तरी बिनसलेलें दिसलें. चहा झाल्यावर बाईनें तें सांगितलें. दोन दिवसांपूर्वीं घराबाहेरच्या सामाईक वाटेवर, शेजारच्या बायका उभ्या असतां, मुलानें विजारींत हात घातला होता. ओरडा झाला, आणि आजोबांनीं त्याला बेदम मारलें. कशासाठीं मार बसला, हें मुलास समजलें नाहीं. आजोबा जवळ आले म्हणजे मार बसतो, एवढेंच समजलें. आम्हीं आमच्या वयाला साजेसा उपदेश केला. "हें वाईट आहे असें त्याला समजावून सांग," असें म्हणालों.

त्यावर ती म्हणाली, "सर, तो ऐकत नाही अशी माझी तक्रारच नाही. तो सगळं ऐकतो, आणि त्याचीच मला भीति वाटते. गेली दहा वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला एकच गोष्ट शिकवली, मोठ्यांनी सांगितलं की करायचं. उद्या कुणी परक्यानं सांगितलं, कपडे काढ, तर तो काढील. ओरडणारसुद्धां नाही. आणि घरी येऊन मला सांगणारहि नाही. ज्याचं नांवच मी त्याला शिकवलं नाही, तें तो सांगणार कसं?"

ही बाई एके काळीं आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गांत बसत असे. त्या दिवशीं तिनें मांडलेल्या अनुमानांत आम्हांस कोठेंहि छिद्र सांपडलें नाहीं.

ज्याला आपण स्वमग्नता म्हणतों, तिचें पहिलें व्यवस्थित वर्णन लिओ कॅनर या वैद्यानें अमेरिकेंत १९४३ सालीं अकरा मुलांवरून केलें. दुसऱ्या वर्षीं व्हिएन्ना येथें हान्स आस्पर्गर यानें तशाच कांहीं मुलांविषयीं लिहिलें. हा संसर्गजन्य रोग नव्हे, आणि आईबापांच्या वागणुकीचें फळहि नव्हे. मेंदूच्या जडणघडणींतच हा भेद असतो. कोणी मुळींच बोलत नाहीं, तर कोणी पदवीधर होतो. परंतु एक गोष्ट पुष्कळांत समान आढळते. इतर मुलें जें चेहऱ्यावरून, स्वरावरून, डोळ्यांच्या इशाऱ्यावरून ओळखतात, तें या मुलांस सहजीं ओळखतां येत नाहीं. जें सांगितलें, तेवढेंच त्यांच्यापुरतें अस्तित्वांत येतें. मात्र देहाची वाढ या भेदाकडे पाहत नाहीं. मिसरूड फुटायचें तेव्हां फुटतें, पाळी यावयाची तेव्हां येते. म्हणजे देह सर्वांबरोबर चालतो आणि त्या देहाचें ज्ञान मात्र मागें राहतें. कारण तें ज्ञान आमच्या समाजांत ज्या वाटेनें पोंचतें, ती वाटच या मुलांस बंद असते.

ती वाट कोणती, हें पाहण्यास आपली मायबोलीच पुरेशी आहे. मुलीस प्रथम पाळी आली कीं आपण म्हणतों, "ती शहाणी झाली." आदल्या दिवसापर्यंत तिला कोणीं कांहीं सांगितलेलें नसतें, आणि त्या दिवशींहि बहुधा सांगत नाहींत, तरी ती शहाणी! पुढें दर महिन्यास तिला "कावळा शिवतो", ती "बाहेरची" होते, किंवा तिला "अडचण" असते. गरोदर स्त्रीला "दिवस जातात". जो नीतीपासून ढळला त्याचा "पाय घसरतो", किंवा तो "शेण खातो". या शब्दप्रयोगांत लाघव आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्या मुलीस शब्दाचा शब्दशः अर्थच समजतो, तिला कावळा शिवला म्हणून सांगितलें, तर ती खिडकीशीं जाऊन कावळा शोधील, आणि अंगावरचें रक्त त्या पक्ष्यानें चोंच मारल्यामुळें आलें असें समजून भयभीत होईल. मुलग्यांची स्थितीहि निराळी नाहीं. झोंपेंत होणाऱ्या स्वाभाविक स्रावास आपण "स्वप्नदोष" म्हणतों. म्हणजे ज्यांत कोणाचाच दोष नाहीं, त्याच्या नांवांतच आपण दोष घालून ठेविला आहे.

आपण ज्यास मर्यादा म्हणतों ती कोणीं कोणास शिकविलेली नाहीं. ती सूचनेनें झिरपलेली आहे. म्हणून आम्हांस न सांगतां समजलें हा दावाच मुळीं खरा नाहीं. आम्हांस सांगण्यांत आलें होतें. फक्त तें शब्दांनीं सांगितलें नव्हतें, डोळे वटारून, विषय बदलून, दार लोटून घेऊन सांगितलें होतें. ज्याला वटारलेल्या डोळ्यांचा अर्थ लागत नाहीं, त्याला आम्हीं खरोखरीच कांहीं सांगितलेलें नाहीं. आणि न सांगितलेला नियम मोडल्याबद्दल त्यास शिक्षा करणें हा न्याय कोणत्याहि न्यायालयांत टिकणार नाहीं.

या विषयावर सरळ बोलूं पाहणाऱ्यांचें महाराष्ट्रानें काय केलें, तो इतिहास वाचकांस परिचित आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईस विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार सोडीना म्हणून त्यांस नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनीं "समाजस्वास्थ्य" मासिक चालविलें, आणि वाचकांच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं म्हणून अश्लीलतेचा खटला अंगावर ओढवून घेतला. १९३४ च्या त्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले. तरीहि कर्व्यांस दंड झाला. त्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षांनीं, २००७ सालीं, शाळांतून किशोरवयीन मुलांस या विषयाचें शिक्षण देण्याची योजना आली, तेव्हां ज्या राज्यांनीं ती नाकारली त्यांत महाराष्ट्रहि होता. धडधाकट मुलांची ही कथा, तर स्वमग्न मुलांची आठवण कोणास होणार?

या शिक्षणाविरुद्ध तीन आक्षेप आम्हांस ऐकूं येतात. पहिला असा, कीं सांगितल्यानें निजलेली वासना जागी होते. शरीर पंचांग पाहून वयांत येत नाहीं, कीं आईबापांची अनुज्ञा मागत नाहीं; कोनच्या त्या मुलास कोणीं कांहींच सांगितलें नव्हतें, तरी व्हावयाचें तें झालेंच. शिवाय जगभरच्या पाहण्या एकत्र करून युनेस्कोनें २०१८ सालीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांतहि अशा शिक्षणानें मुलें लौकर संबंधाकडे वळतात असें आढळत नसल्याचें नमूद आहे. नेदरलंड्समध्यें तर खास स्वमग्न किशोरांसाठीं एकेकट्यास बसवून शिकविण्याचा पाठ्यक्रम तयार झाला. १८९ मुलामुलींवरील त्याच्या परीक्षणाचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांत मुलांचें ज्ञान वाढल्याचें दिसून आलें.

दुसरा आक्षेप अधिक गोड असतो. हीं देवाचीं लेंकरें, यांच्या निष्पाप मनांत हें कशाला घालावें? परंतु निष्पापपणा आणि अज्ञान या दोन वस्तु आहेत. ज्यानें जाणून टाळलें तो निष्पाप. ज्याला माहीतच नाहीं तो केवळ असुरक्षित. तीस वर्षांच्या पुरुषास "आमचें बाळ" म्हणण्यांत माया असते हें खरें. पण त्या मायेंत आमची सोयहि असते. बाळ म्हटलें म्हणजे त्याला इच्छा आहेत, लाज आहे, एकांताची गरज आहे, हें कांहींच पाहावें लागत नाहीं.

ही सोय कोठवर नेते, तें महाराष्ट्रानें १९९४ सालीं पाहिलें आहे. शिरूर येथील शासकीय संस्थेंतील, त्या वेळच्या भाषेंत मतिमंद, अशा कांहीं मुलींचीं गर्भाशयें त्या वर्षाच्या फेब्रुवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत काढण्यांत आलीं. कारण असें सांगण्यांत आलें, कीं या मुलींस पाळीच्या वेळची स्वच्छता राखतां येत नाहीं. स्त्रीसंघटनांनीं आवाज उठविला तेव्हां तें काम थांबलें. जीं माणसें हें करीत होतीं तीं दुष्ट होतीं, असें आम्ही म्हणत नाहीं. कदाचित् तीं थकलेलीं असतील. पण जें शिकविण्यास अवघड, तें शिकविण्याऐवजीं कापून टाकावें, हा विचार त्यांस सुचला आणि पुष्कळ सुशिक्षितांस तो पटला, हें विसरतां येत नाहीं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें स्वमग्नतेची गणना दिव्यांगत्वांत केली. आणि त्याच्या दहाव्या कलमानें प्रजननाविषयीं योग्य माहिती दिव्यांगांपर्यंत पोंचविण्याचें कर्तव्य शासनावर टाकून, ज्यानें वंध्यत्व येईल असे उपचार संबंधित व्यक्तीच्या समजून दिलेल्या संमतीवांचून करण्यास मनाई केली. संमति समजून द्यावयाची, तर आधीं समजलें पाहिजे. म्हणजे शिक्षणाचा प्रश्न कायद्याच्याहि मुळाशीं येऊन बसतोच.

तिसरा आक्षेप मात्र खरा कठीण आहे, आणि तो आम्हांस त्या मुलाच्या आजोबांनींच घातला. "नाही म्हणायला शिकवलं, तर तो अंघोळीलाहि नाही म्हणेल, औषधालाहि नाही म्हणेल. मग त्याला सांभाळायचं कुणी?" ही अडचण केवळ ग्रंथांत बसलेल्यास दिसणार नाहीं. स्वमग्न मुलाच्या घरीं एक दांत घासण्याचें काम पार पडलें तरी सकाळ सार्थकीं लागते. तेथें आज्ञाधारकपणा हाच आधार वाटतो. शाळाहि तोच शिकविते. स्तब्ध बस, हात दे, सांगितलें तें कर. पण जो आज्ञाधारकपणा आमच्या सोयीचा, तोच दुर्जनाच्याहि सोयीचा. २०११ सालीं याच पनवेलमध्यें एका खासगी बालगृहांतील निराधार व मतिमंद मुलींवर अत्याचार होत असल्याचें उघडकीस आलें. २०१३ सालीं मुंबईच्या सत्र न्यायालयानें संस्थेच्या चालकासह दोषींस शिक्षा सुनावल्या. त्या मुली ज्यांच्या आज्ञेंत राहत होत्या, त्यांच्याच हातून हें घडलें. २०१२ च्या कायद्यानें, ज्यास लोक पोक्सो म्हणतात, बालकाच्या मानसिक वा शारीरिक दुबळेपणाचा फायदा घेऊन केलेला अपराध अधिक गंभीर मानला आहे. परंतु कायदा अपराधानंतर येतो. अपराधाच्या क्षणीं मुलाजवळ त्याचा "नको" हा शब्दच काय तो असतो. तो शब्द आपणच त्याच्याकडून काढून घेतलेला असेल, तर कायद्यानें काय करावें?

तेव्हां आजोबांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें, कीं होय, तो अंघोळीलाहि नको म्हणेल. आणि तें आपण सोसलें पाहिजे. लहान बाबतींतला नकार ज्या घरांत मानला जात नाहीं, त्या घरांतल्या मुलास मोठ्या बाबतींत नकार देतां येईल, अशी आशा करणें व्यर्थ आहे. अंघोळ आतां नको असेल तर दहा मिनिटांनीं. सदरा हा नको असेल तर तो. औषध टाळतां येत नाहीं, तेथें कां टाळतां येत नाहीं तें सांगून द्यावें. इतका विवेक मोठ्यांनीं केला, तर मुलाचा नकार टिकतो आणि घरहि चालतें.

प्रत्यक्ष शिकवावें कसें, हें जाणत्या शिक्षकांनीं व पालकांनीं अनुभवानें ठरविलेलें आहे. सर्व मिळून तें इतकें साधें आहे, कीं आम्हांस आमच्या संकोचाची लाज वाटली. अवयवांचीं खरीं नांवें हात-पाय-नाक यांच्या बरोबरीनेंच सांगावीं, त्यांत कुजबुज नको. पाळी येण्यापूर्वींच मुलीस कोरड्या दिवसांत पॅड लावून बसण्याची सवय करावी, तें कसें बदलावें व कोठें टाकावें हें चित्रांच्या क्रमानें भिंतीवर लावावें. मुलास आधींच सांगावें, कीं कधीं सकाळीं अंथरूण ओलें दिसेल. ती लघवी नाहीं, आजार नाहीं. कपडे बदलावे, धुवायला टाकावे, झालें. अमेरिकेंत कॅरोल ग्रे या शिक्षिकेनें १९९१ च्या सुमारास अशा मुलांसाठीं छोट्या "सामाजिक गोष्टी" लिहिण्याची पद्धत घातली. काय घडेल आणि तेव्हां काय करावें, हें चारपांच सरळ वाक्यांत. कोणी एकांत एक वर्तुळें काढून दाखवितात. आंतल्या वर्तुळांत आई, त्याबाहेर मावशी-काका, त्याबाहेर शेजारी, सर्वांत बाहेर अनोळखी. आणि प्रत्येक वर्तुळापुढें मिठी, हात मिळविणें, दुरून नमस्कार, असें लिहितात.

नियम मात्र नेमका हवा. "अनोळखी माणसाशीं बोलूं नकोस" हा नियम निरुपयोगी आहे. बसमधील कंडक्टर अनोळखीच असतो, आणि त्रास देणारा बहुधा ओळखीचा असतो. नियम मनुष्यावर बांधूं नये, कृतीवर बांधावा. चड्डीच्या आंतल्या भागास दुसऱ्यानें हात लावायचा नाहीं. डॉक्टर तपासतील तेव्हां आई किंवा बाबा खोलींत असतील. कोणीं लावला, आणि "सांगूं नकोस" म्हटलें, तर तेंच आधीं सांगायचें. तसेंच हस्तमैथुनाचें. त्यानें देह झिजतो, वेड लागतें, हे समज आतां टाकून दिले पाहिजेत. तें पाप नव्हे, रोगहि नव्हे. जागेचा आणि वेळेचा प्रश्न आहे. बंद दाराआड, एकट्यानें, इतकेंच शिकवावयाचें.

पण बंद दार आणावें कोठून? ३२० चौरस फुटांत पांच माणसें राहतात, तेथें एकांत ही चैन आहे. आमच्या विद्यार्थिनीनें पुढें तोडगा काढला. न्हाणीघराच्या दारावर एक चित्र चिकटविलें, संध्याकाळची एक वेळ ठरविली, आणि त्या वेळांत कोणीं दार वाजवायचें नाहीं असा घराचा नियम केला. मुलानें तो दोन महिन्यांत उचलला. मोठ्यांस अधिक काळ लागला. आजवर त्याचे कपडे बाहेरच्या खोलींत, सर्वांसमक्ष बदलले जात. ज्याचा देह चारचौघांत उघडा केला जातो, त्याला "हें चारचौघांत नको" याचा अर्थ कोठून लागणार? मर्यादा ही एका बाजूची वस्तु नाहीं. आपण ज्याची लाज राखतों, त्यालाच लाज शिकवितां येते. हें त्या घरानें आम्हांस दाखविलें, आणि नीतिशास्त्र शिकविण्यांत तीस वर्षें घालवूनहि तें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

या शिक्षणानें सर्व प्रश्न सुटतात असें नाहीं. हा मुलगा उद्या कोणावर प्रेम करील काय, त्याच्यावर कोणी करील काय, त्याचा विवाह व्हावा काय, हे प्रश्न पुढें उभे आहेत, आणि त्यांचीं उत्तरें सर्वांस एक असणार नाहींत. कांहीं स्वमग्न स्त्रीपुरुष संसार करतात, कांहींस त्याची इच्छाच नसते, कांहींस इच्छा असून मार्ग सांपडत नाहीं. पण या प्रत्येक स्थितींत, आपला देह आपला आहे आणि दुसऱ्याचा दुसऱ्याचा आहे, हें ज्ञान लागतेंच. तें देण्यास आपण लाजलों, तर दुसरें कोणी तरी देणार आहे. आणि तो देणारा कोण असेल, हें आपल्या हातीं राहणार नाहीं.

पुन्हां एकदां आमचें कोनला जाणें झालें. निघतांना आम्हीं सवयीनें मुलाच्या पाठीवर हात ठेविला. तो किंचित् बाजूला सरला आणि स्वच्छ आवाजांत म्हणाला, "नको." क्षणभर आम्हांस अपमान वाटला, हें कबूल केलें पाहिजे; या वयांत वडीलधाऱ्याचा हात कोणी झिडकारीत नाहीं. आजोबा कांहीं बोलतील म्हणून आम्हीं त्यांच्याकडे पाहिलें. ते कांहीं बोलले नाहींत. बाई म्हणाली, "सर, तो दुरून नमस्कार करील." आम्हीं हात मागें घेतला. त्यानें नमस्कार केला, आम्हींहि केला.